अलिबागची रेघ

अलिबागची भूचुंबकीय वेधशाळा १९०४ साली सुरू झाली ती मुंबईच्या ट्रामपायी. कुलाब्याच्या वेधशाळेत १८४१ पासून पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या नोंदी होत होत्या. घोड्यांच्या ट्राम जाऊन विजेच्या येणार म्हटल्यावर त्या प्रवाहानं उपकरणं भरकटणार हे उघड होतं. तेव्हाचे संचालक नानाभाई मूस यांनी बंदरापलीकडे अलिबाग निवडलं. १९०६ पर्यंत दोन्हीकडे एकाच वेळी नोंदी घेतल्या, म्हणजे जुनी मालिका नवीला नीट जोडता यावी. हे शहाणपण मला ट्रामच्या गोष्टीहून मोठं वाटतं.

नोंद करायचा प्रकाश. टांगलेल्या चुंबकाला चिकटवलेला आरसा, त्यावरून परतलेला किरण, आणि घड्याळाच्या यंत्रावर फिरणाऱ्या दंडगोलावरचा फोटोचा कागद. चुंबक हलला की रेघ वरखाली. दिवा विझला तर कागद तेवढा कोरा. वेळेचा अक्ष घड्याळच ओढत होतं. माणसाला तो चुकवायची सोय नव्हती.

हातानं काढलेले असे आलेख त्याहून जुने. १७८६ साली विल्यम प्लेफेअरनं इंग्लंडच्या आयात-निर्यातीचे आकडे वर्षांवर मांडून रेघा ओढल्या. स्कॉटलंडचे आकडे एकाच वर्षाचे मिळाले, तेव्हा रेघ ओढायला काळच नव्हता. तिथं त्यानं आडवे पट्टे केले.

कॉम्प्युटरवर ही रेघ आली तेव्हा घड्याळ सुटलं. युनिक्स या कॉम्प्युटर चालवणाऱ्या प्रणालीनं १ जानेवारी १९७० पासूनचे सेकंद मोजायची रीत घातली. मेंदूच्या विद्युत नोंदी बघायच्या म्हणून जॉन हंटर या मज्जाशास्त्रज्ञानं पायथन या प्रोग्रामिंगच्या भाषेत आलेख काढणारं मॅटप्लॉटलिब लिहिलं, ते २००३ मध्ये बाहेर आलं. वेस मॅकिनीनं २००८ मध्ये पायथनमध्येच आकड्यांचे तक्ते हाताळणारं पांडाज सुरू केलं, तेही पैशांच्या बाजारातल्या कालमालिकांसाठी, म्हणजे वेळेच्या क्रमानं मांडलेल्या आकड्यांसाठी. आता दोन ओळींत आलेख निघतो. पण तारीख ही तारीखच आहे, हे कोडला सांगावं लागतं.

आमच्या विहिरीच्या पाण्याची वही काका ठेवतात. ती फाइलमध्ये उतरवून पहिला आलेख काढला, तर तारखा अक्षरं म्हणून गेलेल्या. मॅटप्लॉटलिबनं प्रत्येक नोंद सारख्या अंतरावर बसवली, मग मध्ये एक दिवस गेलेला असो की आठवडा. तारखा करून घेतल्या, तर काकांचा ५/६ पांडाजनं ६ मे वाचला, कारण न सांगितल्यास ते महिना आधी धरतं. पाऊस नसताना विहीर भरलेली! दिवस आधी आहे असं बजावल्यावर पाणी जूनमध्ये आलं.

तरी एका जागी रेघ सरळ पट्टीनं ओढल्यासारखी होती. नोंदच नसलेल्या दिवसांवरून कोड दोन टोकं जोडून मोकळं झालेलं. रोजच्या तारखांची सलग यादी करून तिच्यावर नोंदी बसवल्या, तेव्हा रिकामे दिवस रिकामे राहिले आणि रेघ तिथं तुटली. काकांना दाखवली. म्हणाले, "अरे, गणपती होते घरात. पाणी मोजायला सवड कोणाला?"