माकिलादोरा
माकिलादोरा : मेक्सिकोतील, मुख्यतः अमेरिकेच्या सीमेलगतचे निर्यातप्रधान जुळणी कारखाने. यंत्रे व सुटे भाग जकात न भरता आणायचे, स्थानिक मजुरांकडून जुळणी करून घ्यायची आणि तयार माल परत पाठवायचा, अशी ही पद्धत. अमेरिकन उद्योगांच्या स्थलांतराचा अभ्यास बहुधा येथूनच सुरू होतो.

‘माकिला’ हा जुना स्पॅनिश शब्द. दळून दिल्याबद्दल गिरणीवाला दळणातूनच जो वाटा काढून घेई, तो माकिला. शब्दाचे मूळ अरबी असून धातूचा अर्थ ‘मापणे’, असे बहुतेक कोशकार मानतात. मराठी दप्तरांतील ‘कैली’ (मापाने मोजलेले धान्य) हाही त्याच धातूचा. कारखान्यांना हे नाव १९६५ नंतरच्या काही वर्षांत रूढ झाले असावे. ते चपखल आहे : धान्य दुसऱ्याचे, पीठही दुसऱ्याचे, गावात राहते ती केवळ दळणावळ.

उगमाविषयी दोन मते आहेत. अमेरिकेतील शेतांवर मेक्सिकन मजूर नेणारी १९४२ पासूनची ‘ब्रासेरो’ योजना १९६४ अखेर बंद झाली. सीमेवर परतलेल्या बेरोजगारांना काम मिळावे म्हणून १९६५ मध्ये सीमा औद्योगिकीकरण कार्यक्रम सुरू झाला, हे पहिले मत. दुसऱ्या मतानुसार तत्कालीन उद्योगमंत्री ओक्ताव्हियानो काम्पोस सालास यांना ही कल्पना अतिपूर्वेतील जुळणी कारखाने पाहून सुचली. दुसरे मत अधिक ग्राह्य वाटते. शेतावरून परतलेले मजूर पुरुष होते, तर कारखान्यांनी प्रामुख्याने तरुण मुलींना घेतले. अमेरिकेच्या जकातपत्रकातील ८०६.३० व ८०७.०० या कलमांचे पाठबळही विसरता येत नाही. १०० डॉलरचे अमेरिकन भाग जुळवण्यावर मेक्सिकोत २० डॉलर खर्च झाले, तर परतीच्या मालावर जकात ढोबळमानाने त्या २० डॉलरवरच बसे.

आरसीए या कंपनीचा प्रवास या संदर्भात नेहमी दिला जातो. तिने रेडिओनिर्मिती १९४० मध्ये न्यू जर्सीतील कॅमडेनहून इंडियानातील ब्लूमिंग्टनला नेली, तेथे पुढे दूरचित्रवाणी संच होऊ लागले. १९६० नंतरच्या दशकात ती अमेरिकेतीलच मेम्फिस व मेक्सिकोतील सीमेवरचे सिउदाद ह्वारेस येथे पोहोचली. ब्लूमिंग्टनचा कारखाना, तोवर थॉमसन या फ्रेंच कंपनीच्या मालकीचा, १९९८ मध्ये बंद झाला. म्हणजे काम देशाबाहेर जाण्याआधी देशातल्या देशातच स्वस्त मजुरीमागे फिरत होते. ब्लूमिंग्टनच्या कामगारांनी जे गमावले तेच कधी काळी कॅमडेनकरांकडून आले होते, हे मुद्दाम ध्यानात घेतले पाहिजे. एका गावच्या मजुराला दुसऱ्या गावच्या मजुराचा वैरी ठरवणे अन्यायाचे आहे. परदेशी व्यापारामुळे काम गेलेल्यांना भत्ता व पुनर्प्रशिक्षण देणारा कायदा अमेरिकेत १९६२ पासून होता; पण पन्नाशीच्या कामगाराला प्रशिक्षणाने जुन्या पगाराची नोकरी क्वचितच मिळे.

सीमेपलीकडचे चित्रही सुखाचे नव्हते. ह्वारेसमध्ये अमेरिकेतून मोडीत निघालेल्या शाळेच्या बसगाड्या पहाटे कामगारांना कारखान्यात नेत. आनाप्रासारख्या वस्त्यांत कारखान्यांतून टाकलेल्या लाकडी फळ्या व खोक्यांच्या पुठ्ठ्यांतून घरे उभी राहिली. नोकरीपूर्वी मुलींची गर्भचाचणी घेतली जाते, हे ह्यूमन राइट्स वॉचने १९९६ मध्ये नोंदवले. तरीही अनेकींच्या हाती स्वतःची पहिली मजुरी येथेच पडली, हे नाकारता येत नाही.

१९९४ चा उत्तर अमेरिकी मुक्त व्यापार करार (नाफ्टा) आणि त्याच वर्षअखेरचे पेसोचे अवमूल्यन यांनंतर हे कारखाने झपाट्याने वाढले. २००० मध्ये कामगारसंख्या सुमारे १३ लाख होती. पुढे अमेरिकेतील मंदी व चीनची स्पर्धा यांमुळे काही कारखाने येथूनही उठले. २००६ च्या फर्मानाने ही योजना ‘इमेक्स’ या व्यापक योजनेत विलीन झाली. बोलण्यात नाव मात्र जुनेच आहे. जानेवारी २०१९ मध्ये मातामोरोस येथील हजारो कामगारांनी २० टक्के पगारवाढ व ३२,००० पेसो बोनससाठी संप केला आणि बहुतेक कारखान्यांना ती मागणी मान्य करावी लागली.