‘उद्यम’ नोंदणीसाठी एजंट लागतच नाही

‘एजंटशिवाय उद्यम नोंदणी (सूक्ष्म, लघु, मध्यम उद्योगांची सरकारी नोंदणी) होत नाही, वर दरवर्षी नूतनीकरण’ हा समज पुण्यात अजून टिकून आहे. दोन्ही चूक. 1 जुलै 2020पासून नोंदणी स्वयंघोषणेवर होते. शुल्क शून्य, नूतनीकरण नाही. आधार, पॅन हाताशी ठेवा. आधारला मोबाइल जोडलेला नसेल तर ओटीपीच येत नाही. बहुतेकांचं घोडं इथंच अडतं. पैसे मागणारी संकेतस्थळं खासगी असतात (दिसतात मात्र अगदी सरकारी!), म्हणून पत्त्याच्या शेवटी ‘जीओव्ही डॉट इन’ पाहा. एजंट स्वतःचा ईमेल भरतो, मग दुरुस्तीला पुन्हा त्याचेच पाय धरा. चिवडा बनवून विकत असाल तर एनआयसी कोड (व्यवसायाचा प्रकार सांगणारा क्रमांक) उत्पादनाचा निवडा. व्यापाराचा पडला तर कर्जाच्या वेळी बँक अडवू शकते. अडल्यास शिवाजीनगरचं जिल्हा उद्योग केंद्र गाठा.