वीस फुटांची मगर आणि लाल डोळे

पावसाळ्यात बडोद्याच्या काळा घोडा पुलावर कठड्याशी गर्दी होते. खाली विश्वामित्री नदीत मगर दिसली की वाद सुरू: कोणी म्हणतं बारा फूट, कोणी अठरा. दांडिया बाजारात पोचेपर्यंत ती वीस फुटांची होते. आपल्याकडच्या मगरीचा पूर्ण वाढलेला नर साधारण ३ ते ४ मीटर, म्हणजे १० ते १३ फूट भरतो. ओळखीच्या प्राण्याची दिवसाढवळ्या ही गत, तर न ओळखलेल्या प्राण्याच्या वर्णनावर कितपत विसंबायचं?

पाहणारे थापा मारत नसतात. दृष्टिपटलावर लांबी उमटत नाही, कोन उमटतो. अंतर ठाऊक असेल तरच मेंदू त्यावरून लांबी काढू शकतो. पुराच्या पाण्यावर अंतर जोखायला ना खांब, ना झाड. त्यात मगर वर ठेवते फक्त नाकपुड्या, डोळे आणि पाठीचा थोडा भाग. बाकीची मगर आपणच पुरी करतो, मागची लाटसुद्धा शेपटीत धरून.

मगरींची गणती करणारे अभ्यासक याबाबत कडक असतात. रात्री होडीतून बॅटरीचा झोत टाकत ते डोळ्यांची चमक शोधतात. डोकं नीट दिसलं तर त्याच्या साधारण सातपट लांबी धरतात. नुसते डोळेच चमकले तर नोंद होते ‘फक्त डोळे’, आकाराचा अंदाज नाही. विचित्र प्राण्यांच्या बातम्यांत हा रकाना कधीच नसतो.

रात्रीच्या वर्णनातला रंग तर मी सोडूनच देतो. अंधारात रंग ओळखणाऱ्या शंकुपेशी जवळपास निकामी असतात, तेव्हा ‘काळाकुट्ट होता’ याला फारसा अर्थ नाही. ‘डोळे निखाऱ्यासारखे लाल’ हे मात्र कामाचं. मगरीच्या डोळ्यात दृष्टिपटलामागे प्रकाश परतवणारा थर असतो, बिबट्या-कुत्र्यांतही असतो. ती चमक दिसायला उजेड पाहणाऱ्याच्या बाजूने जावा लागतो. म्हणजे हातात बॅटरी होती का, गाडीचे दिवे लागले होते का, हे आधी विचारावं. मे २००१ मध्ये दिल्लीत ‘मंकी मॅन’ या माकडासारख्या गूढ हल्लेखोराची दहशत पसरली, तेव्हाही चमकत्या लाल डोळ्यांचं वर्णन होतं. गंमत अशी की आपल्या वानर-माकडांच्या डोळ्यात हा थर नसतोच!

पाहून झाल्यावर आठवणीची पाळी. १९७४ मध्ये एलिझाबेथ लॉफ्टस आणि जॉन पामर या मानसशास्त्रज्ञांनी लोकांना मोटार अपघाताची चित्रफीत दाखवली. गाड्या ‘धडकल्या’ तेव्हा वेग किती, असं विचारल्यावर सरासरी उत्तर आलं ताशी सुमारे ३४ मैल; ‘चक्काचूर झाल्या’ म्हटल्यावर ४१. दुसऱ्या प्रयोगात आठवड्याने विचारलं, फुटलेली काच दिसली का? जोरकस शब्द ऐकलेल्या ५० पैकी १६ जण हो म्हणाले, साधा शब्द ऐकलेल्यांत ७. काच फुटलेलीच नव्हती.

साक्षीदार पुष्कळ असले म्हणजे भागलं, असंही नाही. १९७८ मध्ये रॉटरडॅमच्या प्राणिसंग्रहालयातून लाल पांडा पळाला. बातमी छापून आल्यावर नेदरलँड्सभरातून शंभराच्या घरात लोकांनी तो पाहिल्याचं कळवलं. पांडा संग्रहालयाजवळच मरून पडला होता. त्या लोकांनी काहीतरी पाहिलं असणारच, मांजर, कुत्रा. नाव बातमीने पुरवलं.

म्हणून गावात बिबट्याची आवई उठली, तर ‘शेपूट केवढी होती?’ असं विचारू नये, त्या प्रश्नात शेपूट आधीच आलेली असते. ‘काय दिसलं?’ एवढंच विचारावं, प्रत्येकाला वेगळं गाठून, चहाच्या टपरीवर चर्चा रंगायच्या आत. मग त्या जागी जाऊन प्राणी ज्या भिंतीशी उभा होता तिची उंची टेपने मोजावी.