३.०पीएल१वरच का थांबलं? डेबियनच्या क्रॉन पॅकेजची पार्श्वभूमी

क्रॉन म्हणजे ठरलेल्या वेळी कामं आपोआप चालवणारा प्रोग्राम. डेबियन या लिनक्स वितरणाच्या ट्रिक्सी आवृत्तीवर (२०२५) क्रॉन पॅकेजची आवृत्ती विचारली तर ३.०पीएल१-१९७ असं उत्तर येतं. डॅशच्या डावीकडे मूळ प्रोग्रामची आवृत्ती आहे आणि तिची मुळं १९९३ सालात आहेत. उजवीकडचा आकडा पॅकेज सांभाळणाऱ्यांचा. प्रोग्राम तीस वर्षं जागचा हलला नाही, त्याच्याभोवतीचं काम मात्र कधी थांबलं नाही. ही पार्श्वभूमी त्या उजवीकडच्या आकड्याची आहे.

आधीचा इतिहास थोडक्यात उरकतो. १९७९च्या सातव्या युनिक्समधला क्रॉन अख्ख्या मशीनसाठी एकच फाइल वाचायचा. प्रत्येक वापरकर्त्याची वेगळी क्रॉनटॅब, म्हणजे कोणतं काम कधी चालवायचं याची यादी, नंतर आली. विक्सी क्रॉन, म्हणजे डेबियनमधला हा मूळ प्रोग्राम, १९८७चा आणि त्याची तिसरी आवृत्ती १९९३च्या अखेरची. लिनक्सची वितरणं त्याच सुमाराला उभी राहत होती, खुद्द डेबियनही १९९३चंच. हाताशी होतं ते सगळ्यांनी उचललं.

क्रॉनटॅब ही माणसाने हाताने लिहायची फाइल. पण रोज लॉग फिरवायचे (नोंदींच्या जुन्या फाइली बाजूला करून नव्या सुरू करायच्या) असलेल्या पॅकेजने आपली ओळ कुठे घालायची? ॲडमिनच्या फाइलमध्ये स्क्रिप्टने ढवळाढवळ केली की भांडण ठरलेलं. म्हणून डेबियनच्या नियमावलीत स्पष्ट मनाई आहे: मुख्य क्रॉनटॅबला हात लावायचा नाही, वापरकर्त्यांच्या क्रॉनटॅबलाही नाही. काम तासाचं, रोजचं, आठवड्याचं किंवा महिन्याचं असेल तर त्या-त्या फोल्डरमध्ये स्क्रिप्ट ठेवायची, वेळ वेगळी हवी असेल तर क्रॉन.डी या फोल्डरमध्ये फाइल टाकायची.

या फाइली कॉन्फिग, म्हणजे सेटिंगच्या फाइली, समजल्या जातात. पॅकेज काढलं तरी, पर्ज करेपर्यंत (म्हणजे कॉन्फिगसकट पुसेपर्यंत), त्या मागे राहतात. त्यामुळे स्क्रिप्टने आधी आपला प्रोग्राम जागेवर आहे का हे पाहायचं आणि नसेल तर गुपचूप बाहेर पडायचं, असाही नियम आहे. फाइलच्या नावात टिंब चालत नाही ते याच कारणाने. अपग्रेडनंतर उरलेल्या जुन्या कॉन्फिगच्या नावापुढे टिंब आणि शेपूट लागतं. त्या चालल्या तर एकच काम दोनदा होईल. पण याच नियमाने नवख्यांचा घात होतो. रोजच्या फोल्डरमध्ये 'बॅकअप.एसएच' ठेवून लोक निश्चिंत होतात. ती फाइल कधीच चालत नाही, आणि एररही येत नाही.

रोजच्या कामांची ठरलेली वेळ सकाळी ६:२५. यूटीसी या जागतिक प्रमाणवेळेवर लावलेल्या सर्व्हरवर तेव्हा आपल्याकडे ११:५५ झालेले असतात. पहाटेच्या शांततेसाठी निवडलेली कामं पुण्यातल्या ऑफिसच्या ऐन गर्दीत सुरू होतात, हे कित्येकांच्या ध्यानातही येत नाही.

आता वादाचा मुद्दा. २००४ साली मूळ क्रॉनची ४.१ आवृत्ती आली. २००७ मध्ये दुसऱ्या एका वितरणाने तिच्यावरून क्रोनी नावाचा फोर्क (त्याच कोडची वेगळी शाखा) काढला आणि २००९ मध्ये त्यात ॲनाक्रॉनही सामावून घेतला. बंद असलेल्या मशीनची राहिलेली कामं नंतर उरकणारा तो ॲनाक्रॉन. डेबियन ३.०पीएल१वरच राहिलं. थांबण्याच्या बाजूचं म्हणणं दमदार होतं. पॅम (लॉगिनची तपासणी), एसईलिनक्स (परवानग्यांचा जादा पहारा), घड्याळ पुढे-मागे झाल्यावर काय करायचं, हे सगळं पॅच (कोडमधले छोटे फेरबदल) लावून आधीच बसवलेलं होतं. नव्या मुळावर जायचं तर प्रत्येक पॅच पुन्हा तपासा, आणि वर्षानुवर्षं लोकांनी ज्या वागण्यावर भरवसा ठेवला ते एका अपग्रेडमध्ये बदला. विरोधातलं म्हणणं तेवढंच खरं: वर्षानुवर्षं हे सगळे बदल एकाच भल्यामोठ्या डिफमध्ये (फेरबदलांच्या यादीत) साचत गेले. कुठली ओळ कुठल्या बगसाठी, हे बाहेरच्याला कळणं मुश्किल. मला विचाराल तर सुरुवातीला थांबणं शहाणपणाचं होतं, नंतर नंतर ती निव्वळ सवय झाली.

मात्र "जुना कोड म्हणजे धोका" हा सरसकट आरोपही टिकत नाही. २०१७ मध्ये नोंदलेली सीव्हीई-२०१७-९५२५ ही सुरक्षेतली त्रुटी पाहा. डेबियनने क्रॉनटॅब कमांडला रूटचे (सर्वाधिकारी वापरकर्त्याचे) अधिकार न देता फक्त क्रॉनटॅब नावाच्या ग्रुपचे दिले होते, तेही सुरक्षेसाठीच. पण पॅकेज बसवताना रूट म्हणून चालणारी स्क्रिप्ट त्या ग्रुपच्या फोल्डरमधल्या फाइलींवर बेधडक मालकी आणि परवानग्या बदलायची. ग्रुपचा ताबा मिळालेल्याने तिथे सिमलिंक (दुसऱ्या फाइलकडे बोट दाखवणारी फाइल) पेरून ठेवली तर तो बदल भलत्याच फाइलवर जाऊन बसणार. ग्रुपपासून रूटपर्यंतची वाट मोकळी. ३.०पीएल१-१२८पर्यंतची पॅकेजं या तडाख्यात आली. भोक मूळ प्रोग्रामला नव्हतं, पॅकेज करणाऱ्यांच्याच स्क्रिप्टला होतं.

दरम्यान सिस्टमडीचे, म्हणजे लिनक्समधल्या सेवा सुरू करून सांभाळणाऱ्या प्रोग्रामचे, टायमर आले. कॅलेंडरप्रमाणे वेळ लावण्याची सोय २०१३ची, चुकलेलं काम नंतर करण्याची २०१४ची. पॅकेजांनी दोन्ही दगडांवर पाय ठेवला: टायमरही द्यायचा आणि क्रॉनची स्क्रिप्टही. लॉग फिरवणाऱ्या लॉगरोटेटची रोजची स्क्रिप्ट उघडून बघा. सिस्टमडी चालू आहे का एवढं पाहते आणि असेल तर तिथेच संपते. आजच्या बऱ्याच डेबियन मशीनवर ६:२५ला क्रॉन उठतो, अशा स्क्रिप्टांना हाक मारतो, आणि त्यातल्या बऱ्याच काहीही न करता परत जातात.

गंमत म्हणजे क्रॉनची अशी गरज घटत असतानाच पॅकेजच्या कामाने वेग घेतला. २०२१च्या बुल्सआय या डेबियन आवृत्तीत उजवीकडचा आकडा १३७ होता, २०२३च्या बुकवर्ममध्ये १६२. सामायिक फोल्डर वगैरे क्रॉन-डेमन-कॉमन या वेगळ्या पॅकेजात गेले, आणि क्रॉन-डेमन या आभासी नावाखाली कुणीही डेमनची (पडद्यामागे सतत चालणाऱ्या प्रोग्रामची) जागा घेऊ शकतो अशी सोय झाली. सिस्टमडी-क्रॉन ती घेतो: त्याच क्रॉनटॅब वाचून टायमर तयार करतो. क्रोनीही आता वेगळं पॅकेज म्हणून मिळतं. २००४ नंतर अडकून पडलेला प्रश्न डेबियनने असा सोडवला: मूळ आवृत्ती बदलली नाही, पण ती वापरायची सक्ती काढून टाकली.