एक सुतळी आणि पिकलबॉलचा सर्व्ह

सोयाबीन उचललं गेलं की समाजमंदिरासमोरच्या सिमेंटच्या पटांगणावर फक्कीनं बॅडमिंटनचं मैदान आखायचं, ही वर्धा जिल्ह्यातल्या आमच्या गावाची जुनी रीत. यंदा त्याच आखणीवर पोट्ट्यांनी पिकलबॉल, म्हणजे बॅट आणि भोकांच्या प्लास्टिकच्या चेंडूनं नेटवरून खेळायचा खेळ, सुरू केला. वेगळं काही आखावं लागलं नाही, कारण दोन्ही मैदानांचं माप एकच आहे: 44 फूट लांब, 20 फूट रुंद. फक्त नेटजवळची रेघ साडेसहा फुटांवरून सात फुटांवर सरकवली आणि नेट खाली आणलं. खांबांकडे 36 इंच, मध्यभागी 34 इंच.

माप जुळतं ते उगाच नाही. 1965 मध्ये अमेरिकेतल्या बेनब्रिज बेटावर जोएल प्रिचर्ड आणि बिल बेल यांना घरच्या पोरांना खेळवायचं होतं. बॅडमिंटनचं मैदान होतं, पण सामान सापडेना. मग टेबल टेनिसच्या बॅटी आणि भोकांचा प्लास्टिकचा चेंडू घेऊन त्यांनी खेळ मांडला. नेट आधी बॅडमिंटनच्याच उंचीवर होतं, नंतर ते खाली उतरवलं.

आमच्याकडे पहिल्या आठवड्यातच दहावीतल्या एकानं सर्व्ह, म्हणजे डाव सुरू करायचा फटका, मारताना विचारलं, "सर, जोरानं मारला का बॉल बाहेर जाते, हळू मारला का नेटात अडकते. मंग मारू तरी कसा?"

प्रश्न अगदी मुळावरचा होता. आम्ही सुतळी काढली. एक टोक समोरच्या बेसलाइनवर, म्हणजे मैदानाच्या शेवटच्या रेघेवर, जमिनीला दाबून धरलं, नेटच्या मधल्या काठाला सुतळी टेकवली आणि आपल्या बेसलाइनपर्यंत ताठ ओढली. नेट बरोबर मधोमध असल्यानं आपल्याकडचं टोक नेटच्या दुप्पट उंचीवर येतं: 68 इंच, म्हणजे 5 फूट 8 इंच. बेसलाइनवरून सरळ रेषेत मारलेला चेंडू नेट ओलांडून आत पडायचा असेल, तर तो निदान एवढ्या उंचीवर मारावा लागेल. आणि नियम काय सांगतो? हातातून मारायचा सर्व्ह कमरेच्या खालीच लागला पाहिजे, पॅडल, म्हणजे बॅट, खालून वर जात असलं पाहिजे, आणि पॅडलचं डोकं मनगटाच्या वर नको. कंबर तर जेमतेम तीन फुटांवर! सरळ रेषेची वाट नियमानंच बंद केलेली आहे. चेंडू आधी वर चढणार, मग गुरुत्वाकर्षण त्याला खाली आणणार. खाली यायला वेळ लागतो, आणि जास्त जोर लावला की तोच वेळ कमी पडतो. म्हणून चेंडू बाहेर जातो.

"जोर कमी कर बाबू, चेंडूले वर जाऊ दे," एवढंच मी त्याला सांगितलं.

जोराचा तसाही फारसा फायदा नाही. हा चेंडू टेनिसच्या चेंडूपेक्षा आकारानं मोठा, पण वजनाला निम्म्याहून कमी, साधारण 22 ते 26 ग्रॅम. वेग दुप्पट केला की हवेचा विरोध जवळपास चौपट होतो, आणि एवढ्या हलक्या चेंडूला तो झेपत नाही. संध्याकाळचा वारा समोरून असेल तर दमदार सर्व्हही मध्येच मरतो. वेगापेक्षा खोलीकडे लक्ष द्या. नेटपलीकडे आपल्या तिरप्या दिशेला असलेल्या चौकोनात, बेसलाइनच्या दोन-तीन फूट आत टप्पा पडू द्या. नेटजवळच्या सात फुटांच्या पट्ट्यात, ज्याला किचन म्हणतात, किंवा त्याच्या रेघेवर सर्व्ह पडला की फॉल्ट. दुसरी संधी मिळत नाही. चेंडूला पॅडल लागेपर्यंत पाय आपल्या बेसलाइनच्या मागे, आणि निदान एक पाय जमिनीला टेकलेला.

नवख्यांनी टप्प्याचा सर्व्ह शिकावा, असं माझं ठाम मत आहे. चेंडू हातातून नुसता सोडायचा, आपटायचा नाही की वर उडवायचा नाही, आणि टप्पा पडल्यावर मारायचा. यात कमरेचा नियम लागू होत नाही. तशी गरजही नसते. हा चेंडू सोडलेल्या उंचीच्या साधारण 40 टक्केच उसळतो, त्यामुळे छातीपासून सोडला तर गुडघ्याच्या आसपास येतो. तेव्हा गुडघे वाकवा, हात पाळण्यासारखा मागून पुढे येऊ द्या आणि चेंडू शरीराच्या थोडा पुढे असतानाच घ्या. हे सिमेंटवरच जमतं. भुसभुशीत काळ्या मातीत टप्प्याचा सारा जोर माती गिळून टाकते.

आता उभं कुठे राहायचं? पुन्हा तीच सुतळी घ्या. तिचं आपल्याकडचं टोक किचनच्या रेघेवर मोजलं तर उंची भरते पावणेचार फूट. म्हणजे रेघेजवळ उभा असलेला माणूस छातीइतक्या उंचीचा चेंडूही सरळ खाली दाबू शकतो. बेसलाइनवर त्यालाच डोक्याइतकी उंची लागते. सारी धडपड त्या रेघेपर्यंत पोहोचण्याची असते ती यासाठी. मात्र किचनच्या आत पाय ठेवून किंवा रेघेवर उभं राहून चेंडू हवेत मारता येत नाही; टप्पा पडलेला चेंडू मारायला आत जाता येतं.

सर्व्ह करणाऱ्या जोडीनं घाई करू नये. सर्व्हचा एक टप्पा आणि परत आलेल्या चेंडूचा एक टप्पा, हे दोन्ही पडू द्यावेच लागतात. सर्व्ह करून पुढे धावलात तर परतलेला खोल चेंडू पायाशी येतो आणि मागे सरकायला वेळ नसतो. म्हणून दोघंही बेसलाइनच्या मागे थांबा. समोरच्या जोडीतला सर्व्ह घेणारा बेसलाइनच्या पाऊलभर मागे असतो, त्याचा जोडीदार आधीच किचनच्या रेघेवर. घेणाऱ्यानं चेंडू उंच आणि खोल परतवायचा. चेंडू हवेत असेपर्यंत त्याला 15 फूट चालून जोडीदाराशेजारी यायला उसंत मिळते. आपला सर्व्ह खोल असेल तर हीच चाल त्याला लांब पडते.

चौघंही रेघेवर आले की मधलं अंतर उरतं 14 फूट. ताशी 40 किलोमीटरचा चेंडू ते 0.4 सेकंदाच्या आत कापतो, आणि त्यातला निम्म्याहून जास्त वेळ डोळ्यांनी पाहून हात हलेपर्यंतच जातो. म्हणून पॅडल कमरेला लोंबकळत ठेवू नका, छातीसमोर धरा. आणि सरकताना दोघांनी सोबत सरका. डवऱ्याला जुंपलेली बैलजोडी जशी एका जुवाखाली डावी-उजवीकडे वळते, तसं. एक उजवीकडे गेला आणि दुसरा जागीच राहिला, तर दोघांच्या मधून बैलगाडी जाईल एवढी वाट उघडी पडते.

आमचा तो दहावीतला पोट्टा आता सकाळी ऊन चढायच्या आत येतो. समोरच्या बेसलाइनच्या अलीकडे रिकामं पोतं अंथरतो आणि एकटाच सर्व्ह टाकत बसतो. पोत्यावर पडलेला चेंडू उसळत नाही, त्यामुळे मोजायला सोपं जातं, म्हणतो.