तीस मिलीची बाटली का गेली

डायक्लोफेनॅक या वेदनाशामकाचं इंजेक्शन मागितलं की बडोद्यातला मेडिकलवाला आज ३ मिलीचं, मान फोडून एकदाच वापरायचं काचेचं ॲम्प्यूल काढून देतो, नाहीतर तेवढंच औषध असलेलं १ मिलीचं. २०१५ पर्यंत त्याच खणात रबरी बुचाची ३० मिलीची व्हायलही असायची. मग ती बंद झाली. औषध तेच, माणसाला द्यायची परवानगीही तशीच. कात्री लागली ती बाटलीच्या मापाला. याचं कारण शोधायला दांडिया बाजारातून निघून पाद्रा-डभोईकडच्या गोठ्यात आणि तिथून गावाबाहेर मेलेली ढोरं टाकायच्या जागेवर, गिधाडांकडे जावं लागतं.

आधी हिशोब. जुन्या इंजेक्शनात एका मिलीला २५ मिलिग्रॅम औषध. माणसाची एका वेळची मात्रा ७५ मिलिग्रॅम, म्हणजे ३ मिली, कुल्ल्याच्या स्नायूत खोल. गुराला वजनाच्या किलोमागे १ ते २.५ मिलिग्रॅम देत. ३०० किलोची गाय धरली तर ३०० ते ७५० मिलिग्रॅम, म्हणजे १२ ते ३० मिली. दवाखान्यात ३० मिलीची व्हायल दहा रुग्णांना पुरते, तीच गोठ्यात एका गायीला एकदा टोचली की संपू शकते. वेष्टनावर माणसाचं नाव आणि पोटात गायीचा डोस, अशी ही बाटली होती.

कायद्यानं माणसाचं आणि जनावराचं औषध मुळात वेगळं काढलेलंच नाही. देशातल्या औषधांची चौकशी करायला १९३० साली राम नाथ चोप्रांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली, पुढच्या वर्षी तिचा अहवाल आला आणि त्यातून १९४० चा औषध कायदा निघाला. त्यात ‘औषध’ या शब्दाच्या व्याख्येतच माणसं आणि प्राणी शेजारी शेजारी आहेत. फरक ठेवला तो लेबलवर. १९४५ च्या नियमांपैकी ९७ वा नियम सांगतो की फक्त जनावरांसाठी बनवलेल्या औषधावर ‘माणसांसाठी नाही, फक्त जनावरांच्या उपचारासाठी’ असं ठळक लिहायचं आणि पाळीव जनावराच्या डोक्याचं चित्र छापायचं. बडोद्यात १९०७ पासून अलेंबिक ही औषध कंपनी उभी आहे, त्यामुळे इथल्या बऱ्याच घरांत असे छापील खोके ओळखणारं कोणी ना कोणी असतं. रेणू एकच असला तर दोन खोक्यांमधली भिंत म्हणजे ते चित्र, एवढंच.

डायक्लोफेनॅक १९७० च्या दशकात माणसांसाठी बाजारात आलं. नंतर ते गोठ्यात पोचलं आणि पशुपालकांना आवडलं, कारण लंगडणारा बैल किंवा कासदाह झालेली म्हैस काही तासांत हालचाल करू लागे. अडचण जगलेल्या जनावराची नव्हतीच. त्याच्या शरीरातून औषध आठवड्याच्या आत निघून जातं. पण वेदनाशामक बऱ्याचदा मरायला टेकलेल्या ढोराला शेवटचा उपाय म्हणून दिलं जातं. ते दोन-तीन दिवसांत मेलं की यकृतात आणि मूत्रपिंडात औषध शिल्लक असतं, आणि गिधाडं पोट फाडून नेमकी तिथंच पोचतात.

भरतपूरच्या केवलादेव राष्ट्रीय उद्यानात गिधाडं मरताहेत, हे मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे (बीएनएचएस) विभू प्रकाश यांनी १९९० च्या दशकात नोंदवलं. आधी संशय विषाणूवर होता. २००४ च्या सुरुवातीला संशोधक लिंडसे ओक्स आणि सहकाऱ्यांनी पाकिस्तानातल्या मेलेल्या पक्ष्यांवरून खरं कारण दाखवलं. शवविच्छेदनात हृदय, यकृत आणि प्लीहेवर खडूच्या भुकटीसारखा पांढरा थर दिसे. पक्षी नायट्रोजनचा कचरा युरिक ॲसिडच्या रूपात टाकतात. डायक्लोफेनॅकनं मूत्रपिंड बंद पडलं की ते रक्तात साचतं, स्फटिक होऊन अवयवांवर बसतं आणि पक्षी साधारण दोन दिवसांत मरतो.

निम्मे पक्षी मरतील अशी मात्रा किलोमागे ०.१ ते ०.२ मिलिग्रॅमच्या आसपास निघाली. पाच किलोच्या पांढऱ्या पाठीच्या गिधाडाला अर्धा ते एक मिलिग्रॅम म्हणजे पुरे. माणसाच्या एका ॲम्प्यूलमध्ये ७५ मिलिग्रॅम असतात. गिधाडं थव्यानं जेवतात, म्हणून एकाच कलेवरावर अख्खा थवा विषारी घास खातो. दर शंभरात एखादं कलेवर असं निघालं तरी गिधाडांची संख्या कोसळू शकते, हे गणितानं दाखवलं गेलं. १९९२ ते २००७ या काळात भारतात या जातीच्या हजार पक्ष्यांमागे एक उरला.

मे २००६ मध्ये औषध महानियंत्रकांनी राज्यांना जनावरांच्या डायक्लोफेनॅकचे उत्पादन परवाने मागे घ्यायला सांगितलं. २००८ मध्ये औषध कायद्याच्या कलम २६अ खाली राजपत्रित बंदी आली आणि माणसांच्या पाकिटावर ‘पशुवैद्यकीय वापरासाठी नाही’ असं छापणं आलं. हे कलम कायद्यात १९८२ मध्ये घातलं गेलं. माणसाला किंवा प्राण्याला धोका असेल तर औषधाचं उत्पादन, विक्री आणि वितरण त्याखाली थांबवता येतं. टोचणाऱ्याबद्दल ते गप्प आहे. आमच्या मते सगळी गळती इथून झाली. २००७ ते २०१० दरम्यान ११ राज्यांतली अडीचशेवर औषध दुकानं पाहिली तेव्हा ३६ टक्के दुकानांत डायक्लोफेनॅक जनावरांसाठी मिळत होतं. गोठ्यात आता माणसांची व्हायल जात होती.

औषध निरीक्षकानं ती पकडावी कशी? तो फॉर्म १७, म्हणजे नमुना घेत असल्याची लेखी सूचना, देऊन नमुना घेतो, त्याचे भाग करून सील करतो आणि एक भाग सरकारी विश्लेषकाकडे पाठवतो. गुजरातची अन्न व औषध प्रयोगशाळा बडोद्यातच आहे. प्रयोगशाळेत काय पाहतात, तर लेबलवर मिलीला २५ मिलिग्रॅम लिहिलंय तर तेवढं आहे का, द्रावण निर्जंतुक आहे का. गोठ्यात निघालेली व्हायल या सगळ्यात पास होणार, कारण ती अस्सल आणि प्रमाणित मालच आहे. खोट तिच्या मुक्कामात आहे, आणि मुक्कामाचं विश्लेषण कुठल्याच यंत्रावर होत नाही.

म्हणून १७ जुलै २०१५ ला माप बदललं: माणसांचं डायक्लोफेनॅक इंजेक्शन फक्त एका मात्रेच्या पॅकमध्ये. काही उत्पादक मद्रास उच्च न्यायालयात गेले. २०१७ मध्ये तिथं ही अधिसूचना टिकली. ३ मिलीची ॲम्प्यूल वापरायची तर एका गायीसाठी चार ते दहा माना फोडायच्या, सिरिंज तेवढ्या वेळा भरायची, आणि भावही व्हायलपेक्षा चढा. कोणी करणारच नाही असं नाही. मात्र सवयीनं हात जाईल अशी सोयीची बाटली खणातून गेली. १ मिलीत ७५ मिलिग्रॅमवालं ॲम्प्यूल ही फट अजून आहे. त्यात सगळा डोस १० मिलीत बसतो.

गिधाडांना न मारणारा पर्याय २००६ पासून माहीत होता: मेलोक्सिकॅम. किलोमागे ०.५ मिलिग्रॅम धरलं तर मिलीला ५ मिलिग्रॅमचं इंजेक्शन ३०० किलोच्या गायीला ३० मिलीच लागतं, म्हणजे पशुपालकाच्या हाताची सवयही मोडत नाही. सुरुवातीला ते महाग पडे, म्हणून बाजार आधी दुसरीकडेच वळला. ॲसेक्लोफेनॅक आलं, गायीच्या शरीरात त्याचं डायक्लोफेनॅकच होतं, म्हणजे नाव बदलून तेच विष. किटोप्रोफेनही गिधाडांना मारक ठरलं. ३१ जुलै २०२३ ला ही दोन्ही औषधं जनावरांसाठी बंद झाली, डिसेंबर २०२४ अखेर निमेसुलाइडही. पहिल्या आदेशापासून इथवर यायला अठरा वर्षं गेली, कारण २६अ एकेक औषध धरतं. ‘वेदनाशामक गिधाडांवर तपासल्याशिवाय गोठ्यात नको’ अशी आधीच लावायची अट त्यात नाही. फ्लुनिक्सिन या आणखी एका वेदनाशामकाबद्दल शंका आहेत, तरी ते विकलं जातं. टोल्फेनॅमिक ॲसिडची चाचणी २०२१ मध्ये गिधाडांसाठी चांगली निघाली, त्यामुळे आता हाताशी दोन नावं आहेत.

पांजरापोळीत किंवा दूध मंडळीच्या (सहकारी डेअरीच्या) गावात तपासायचं असेल तर औषधाच्या कपाटापेक्षा केराची बादली पाहावी. फोडलेल्या ॲम्प्यूलांचा ढीग आणि त्यांवर ‘पशुवैद्यकीय वापरासाठी नाही’ अशी ओळ दिसली की वापर कळतो. ढोर मेलं की उपचाराच्या वहीत मागचे सात दिवस बघायचे. त्यात मेलोक्सिकॅम किंवा टोल्फेनॅमिक ॲसिड सोडून दुसरं वेदनाशामक असेल, किंवा काय टोचलं ते लिहिलेलंच नसेल, तर ते कलेवर उघड्यावर न टाकता पुरायचं.