पार्टी म्हणजे कुठली, सर? व्यक्तिमत्त्व प्रश्नावलीची पार्श्वभूमी

बेळगावातल्या एका कॉलेजात बी.ए.च्या वर्गाकडून मी व्यक्तिमत्त्व प्रश्नावली भरून घेत होतो. मूळ इंग्रजी, मराठी पुण्याकडचं, हातात झेरॉक्स. 'मला पार्टीला जायला आवडते' या विधानापाशी खानापूरकडचा एक मुलगा अडला. "पार्टी म्हणजे कुठली, सर? समिती सोडून दुसरी?" (समिती म्हणजे सीमाभागातली महाराष्ट्र एकीकरण समिती.) वर्ग हसला. मागच्या बाकावरच्या मुलीने मात्र गुपचूप 'नाही'वर खूण केली. तिच्या लेखी पार्टी म्हणजे ढाबा आणि बाटली. लग्नघरात शिरली की दहा मिनिटांत सगळ्यांना कामाला लावणारी ही पोरगी कागदावर अंतर्मुख निघाली. महिन्याभराने तोच कागद पुन्हा दिला. उत्तर तेच.

म्हणजे विश्वसनीयता (पुन्हा मोजलं तरी तेच येणं) शाबूत, सप्रमाणता (जे मोजायचं तेच मोजलं जाणं) गेली. (काही पुस्तकांत हिलाच वैधता म्हणतात.) परीक्षेत हे दोन शब्द आपण जोडीने लिहितो, पण एकीचं गणित दुसरीच्या कितीतरी आधी बसलं होतं.

प्रश्नावली आली ती लढाईतून. १९१७ साली अमेरिका पहिल्या महायुद्धात उतरली, तेव्हा तोफांच्या माऱ्यात मनाने कोसळतील असे जवान भरतीतच हेरायचे होते. एकेकाची मुलाखत घेणं शक्य नव्हतं. मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट वुडवर्थ यांनी ११६ हो-नाही प्रश्न कागदावर उतरवले. ते नीट वापरात येईपर्यंत युद्धच संपलं. मराठा लाइट इन्फंट्रीच्या भरतीला पहाटेपासून रांगा लावणाऱ्या आपल्या पोरांना धावणं आणि छाती मोजणं ठाऊक. व्यक्तिमत्त्वाची अशी प्रश्नावलीही अशाच रांगेसाठी जन्मली.

विश्वसनीयतेचं गणित त्याआधीच सुरू झालं होतं. मापात चूक असली की दोन गोष्टींमधला संबंध आहे त्याहून कमी दिसतो, हे इंग्रज मानसशास्त्रज्ञ स्पिअरमन यांनी १९०४ मध्ये दाखवलं. १९१० मध्ये त्यांनी आणि ब्राउन यांनी, एकाच नियतकालिकात पण स्वतंत्रपणे, चाचणी अर्धी-अर्धी करून पूर्ण चाचणीची विश्वसनीयता काढायचं सूत्र दिलं. १९३७ मध्ये कुडर-रिचर्डसन यांची सूत्रं आली आणि १९५१ मध्ये क्रॉनबॅक यांचा अल्फा हा आकडा. विधानं एकमेकांशी किती मेळ खातात, एवढंच अल्फा सांगतो. त्याच धाटणीची आणखी दहा विधानं घाला, तो वर चढतो. आपलं नाव या सूत्राला चिकटल्याचा खुद्द क्रॉनबॅकना संकोच वाटे. आपल्याकडे मात्र प्रबंधात अल्फा ०.७० दिसला की गंगेत घोडं न्हालं.

सप्रमाणतेला असा एक आकडा नाही, म्हणून ती मागे पडते. १९४३ मध्ये प्रसिद्ध झालेली, अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठाची व्यक्तिमत्त्व प्रश्नावली घ्या. मनोरुग्ण आणि 'साधी माणसं' यांची उत्तरं जिथे वेगळी पडली ती विधानं ठेवली. पण साधी माणसं आणली कुठून? बरीचशी विद्यापीठाच्या दवाखान्यात नातेवाइकांना भेटायला आलेली. बेळगावच्या सिव्हिलमध्ये डबा घेऊन आलेल्यांना थांबवून 'माणसाचं मन असं असतं' ठरवावं, तसंच हे. नवी मानकं (ज्यांच्याशी तुलना करायची ती सर्वसाधारण उत्तरं) १९८९ मध्ये आली.

१९५५ मध्ये क्रॉनबॅक आणि मील यांनी मुद्द्यालाच हात घातला. बहिर्मुखता काही गजाने मोजता येत नाही. ती खरी असेल तर आणखी काय काय दिसायला हवं, याचं जाळं विणा आणि प्रत्येक धागा ताणून बघा. चार वर्षांनी कॅम्पबेल आणि फिस्क म्हणाले, तोच गुण वेगळ्या पद्धतीने मोजा. माझ्या वर्गात याचा अर्थ सरळ होता: त्या मुलीबद्दल तिच्या मैत्रिणींना विचारा.

भाषांतर तपासायला ब्रिस्लिन यांच्या १९७० च्या लेखापासून उलट अनुवादाची पद्धत रुळली: मराठी मजकूर दुसऱ्याकडून पुन्हा इंग्रजीत आणायचा आणि मुळाशी ताडायचा. पण 'पार्टी'चं परत 'पार्टी'च येतं. पेपर पास!

आणि सीमाभागात फॉर्म हीच नाजूक चीज. १९५६ ला बेळगाव तेव्हाच्या म्हैसूर राज्यात गेलं, तेव्हापासून 'मातृभाषा' हा रकाना इथे साधा राहिलेला नाही. भाषिक अल्पसंख्याकांना त्यांच्या भाषेत सरकारी कागद मिळण्याची अटही १५ टक्के लोकसंख्येची. घरी मराठी, शाळा कन्नड, उत्तरं इंग्रजीत, अशी पोरं तो रकाना बघूनच सावध होतात आणि पुढची पन्नास उत्तरं जपून देतात. मिनेसोटावाल्यांनी खोटेपणा पकडायला वेगळी मोजपट्टी घातली होती. जपून बोलणं तिला खोटं वाटेल. मी तो रकाना शेवटच्या पानावर नेला.

'पार्टी'चं विधानही बदललं: 'जत्रेत अनोळखी माणसांशी मी आपणहून बोलतो.' पुढच्या वेळी खानापूरवाल्याचा हात पुन्हा वर. "सर, आमच्या गावात लक्ष्मीची जत्रा पाच वर्षांनी भरते. मागच्या वेळी मी बारका होतो. काय लिहू?"